ईआरपीनेक्स्टवर मॉड्यूल बनवून विकता येते का? पैसे, सोर्स कोड आणि लायसन्स की

प्रश्न असा आहे. इचलकरंजीतली एक छोटी सॉफ्टवेअर फर्म ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर घेऊन त्यावर यंत्रमाग कारखान्यांसाठी काम करते आहे: बीमचा (ताण्याच्या रुळाचा) हिशेब, ताक्यांची (कापडाच्या थानांची) नोंद, पिकावरची (आडव्या धाग्यांच्या मोजणीवरची) मजुरी, सगळे स्क्रीन मराठीत. हे स्वतःच्या नावाने, कारखान्यामागे ठरावीक रक्कम घेऊन विकायचे आहे. तर पैसे घेता येतात का? सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, द्यावाच लागतो का? ग्राहकाने तो शेजारच्या कारखानदाराला दिला तर थांबवता येईल का? आणि लायसन्स की बसवली तर चालेल का?

पैसे घेता येतात, आणि किती घ्यायचे यावर काहीही मर्यादा नाही. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे आहे आणि ते जीपीएल या, सोर्स खुला ठेवून त्याच अटींवर पुढे द्यायला लावणाऱ्या लायसन्सच्या आवृत्ती ३ खाली मिळते. या लायसन्सच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की तुम्ही देत असलेल्या प्रत्येक प्रतीसाठी कोणतीही किंमत लावा किंवा फुकट द्या. ओपन सोर्स म्हणजे विकायचे नाही, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलेला आहे, पण जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या एडिटरच्या टेप १५० डॉलरला विकत होते. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येचे पहिलेच कलम म्हणते की लायसन्सने विक्रीला आडकाठी करता कामा नये. क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर वेबसाइटवर फुकट आहे आणि तेच स्टीमवर विकतही मिळते. लिब्रेऑफिसची संस्था २०२२ पासून मॅकच्या अ‍ॅप स्टोअरवर ते ८.९९ युरोला विकते.

तुम्हाला विकता येत नाही ती फक्त मक्तेदारी. ग्राहकाने एकदा प्रत घेतली की तुम्हाला मूळ लायसन्सने जे हक्क मिळाले तेच सगळे त्यालाही मिळतात: वापरणे, बदलणे, दुसऱ्याला देणे, विकणेसुद्धा. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. शेजारच्या कारखानदाराला दिलेली प्रत तुम्हाला थांबवता येणार नाही, आणि करारात तसे कलम घातलेत तर त्या कलमानेच तुम्ही जीपीएल मोडता, कारण दहावे कलम मिळालेल्या हक्कांवर जादा बंधने घालायला मनाई करते. मात्र शेजाऱ्याला मिळते ती नुसती प्रत. त्याचा डेटा कोण भरणार, जीएसटीचा नियम बदलला की दुरुस्ती कोण करणार, रात्रपाळीला सर्व्हर बसला तर फोन कोणाला, यातले काहीही त्या प्रतीबरोबर जात नाही. तुमचा दर या कामावर उभा असेल तर प्रत फिरण्याचे फारसे दुखत नाही. एकाच छापाची प्रत शंभर जणांना विकायची, एवढ्यावरच धंद्याचे गणित असेल तर मात्र जीपीएल तुमच्या कामाची नाही. ते आत्ताच मान्य केलेले बरे.

सोर्स कोड कोणाला द्यायचा, यातही नेहमी गफलत होते. जगाला द्यावा लागत नाही. गिटहबसारख्या उघड्या साइटवर टाकण्याची सक्ती कुठेही नाही. ज्याला तुम्ही प्रत दिली त्याला सोर्स मिळाला पाहिजे, बस. ईआरपीनेक्स्ट पायथन भाषेत आहे, तिथे लोक म्हणतात की फाइली सर्व्हरवर उघड्याच आहेत, वेगळे काय द्यायचे? फाइली खरोखर तशाच असतील तर फारसे काही उरत नाही. पण लायसन्सच्या भाषेत सोर्स म्हणजे बदल करायला सोयीचे असलेले मूळ रूप. त्यामुळे पायआर्मरसारख्या साधनाने कोड गुंडाळून देणे, फक्त कंपाइल केलेल्या पायसी फाइली ठेवणे, किंवा जावास्क्रिप्टचा एका ओळीत दाबलेला गठ्ठा देऊन मूळ फाइली काढून घेणे, हे तिन्ही प्रकार नियमभंगात मोडतात. बिल्ड करायच्या स्क्रिप्ट, डॉकरफाइल, मायग्रेशनचे पॅचेस, फिक्स्चर्स हेही सोर्समध्येच धरायचे. साधा मार्ग म्हणजे हस्तांतराच्या दिवशी गिटची पूर्ण रेपॉझिटरी (कोडचा इतिहासासह साठा) ग्राहकाच्या खात्यात टाकणे आणि पोच म्हणून ईमेल घेणे. सोबत जीपीएलचा पूर्ण मजकूर, मूळ फाइलींवरच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा, आणि आपण बदल केला आहे व कोणत्या तारखेला, हे सांगणारी एक ठळक नोंद. ही तारखेची नोंद पाचव्या कलमात मागितली आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच विसरतात.

आता तुमच्या स्वतःच्या मॉड्यूलकडे येऊ. ईआरपीनेक्स्टच्या गाभ्यात हात घालू नका, वेगळे अ‍ॅप करा. हे अपग्रेडसाठीही बरे असते. बेंच या फ्रॅपेच्या कमांडने नवीन अ‍ॅप बनवताना तो नाव, वर्णन, प्रकाशक, ईमेल विचारतो आणि शेवटाकडे लायसन्स विचारतो. तिथे आधीच एमआयटी हे जवळजवळ बिनअटीचे लायसन्स असते. बरेच जण एंटर दाबून पुढे जातात. त्या एका एंटरने हुक्सच्या फाइलमध्ये एमआयटी नोंदले जाते आणि लायसन्सच्या टेक्स्ट फाइलमध्येही तेच येते. पुढे वर्षभर घाम गाळून बीमचा हिशेब लिहायचा आणि तो नकळत अशा लायसन्सखाली वाटायचा की प्रतिस्पर्धी तो घेऊन कुलूपबंद करून विकू शकेल, असा प्रकार होतो. नंतर दोन्ही ठिकाणी बदल करता येतो, कोड तुमचा असेल तर. पण एमआयटीखाली आधी दिलेल्या प्रती एमआयटीच राहतात, त्या मागे घेता येत नाहीत.

मग कुठले लायसन्स निवडायचे? ते तुमचे अ‍ॅप ईआरपीनेक्स्टला किती चिकटलेले आहे यावर ठरते. खाली दोन थर आहेत हे लक्षात घ्या. फ्रॅपे फ्रेमवर्क, म्हणजे खालचा पाया, एमआयटीखाली आहे, त्यावरचे ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली. तुमचे अ‍ॅप फक्त फ्रॅपेवर उभे असेल, स्वतःचे डॉकटाइप (नोंदींचे साचे) वापरत असेल आणि ईआरपीनेक्स्टमधून काहीच आयात करत नसेल, तर त्याला कोणतेही लायसन्स लावा, अगदी बंदिस्त ठेवा. सेल्स इन्व्हॉइसचा क्लास आयात करून त्यावर आपला क्लास चढवला, किंवा स्टॉकच्या एखाद्या रिपोर्टचा कोड उचलून त्यात ताक्याचे कॉलम घातले, तर ते जीपीएलच. या दोन्हींच्या मध्ये जागा आहे ती हुक्सची: इन्व्हॉइस सबमिट झाले की माझे फंक्शन चालव. जीपीएल प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका अशी की एकमेकांची फंक्शन बोलावणारे आणि डेटाची रचना वाटून घेणारे प्लगइन मिळून एकच प्रोग्रॅम होतो. यावर वाद घालणारे वकील आहेत, पण पाच-सहा माणसांच्या फर्मने त्या वादावर धंदा उभा करू नये. हुक्स वापरत असाल तर अ‍ॅप जीपीएल ३ खाली ठेवा आणि मोकळे व्हा.

खरोखर गुपित ठेवावे असे काही असेल, समजा मागावरच्या मीटरचे आकडे वाचून कोणता माग का थांबला हे काढणारा तुमचा स्वतःचा हिशेब, तर तो वेगळा प्रोग्रॅम करा. वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा, ईआरपीनेक्स्टशी फक्त रेस्ट एपीआयने बोलणारा. आकडे पाठवले, उत्तर घेतले, संपले. असा प्रोग्रॅम बंदिस्त लायसन्सने, प्रति माग दर लावून विकता येतो. यात ईआरपीनेक्स्टची एकही फाइल जाऊ द्यायची नाही, सोयीची चार फंक्शन्ससुद्धा नाहीत.

मराठी स्क्रीनबद्दलही एक खुलासा. मूळ इंग्रजी मजकुराचे भाषांतर हे मूळ कृतीवरूनच केलेले काम, त्यामुळे ईआरपीनेक्स्टच्या शब्दांची तुमची मराठी फाइल जीपीएलखालीच जाते. ती राखून ठेवायच्या खटपटीत पडण्यापेक्षा मूळ प्रकल्पाला देऊन टाका; नाहीतर प्रत्येक आवृत्तीला बदललेले शब्द पुन्हा जुळवत बसावे लागते. बिलाच्या छपाईसाठी मुक्त, बलू किंवा नोटोचे देवनागरी फाँट वापराल, ते ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. सॉफ्टवेअरबरोबर देता येतात, पैसे घेऊनही. नुसता फाँट विकता येत नाही, आणि फाँटच्या लायसन्समध्ये नाव राखीव ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव देता येत नाही. छापून निघालेल्या बिलावर यातल्या कशाचाही हक्क चढत नाही.

लायसन्स कीचा प्रश्न. की बसवायला बंदी नाही, पण ग्राहकाने ती तपासणी काढून टाकली तर तुम्ही तक्रार करू शकत नाही. तिसऱ्या कलमाने तो अधिकार तुम्ही सोडलेला असतो. पाच युजरपर्यंत एवढे, दहापर्यंत तेवढे, अशी वापराची मर्यादा करारात घालणेही चालत नाही. कोटेशनमध्ये ‘प्रति युजर लायसन्स फी’ असे शब्द लिहिण्याची सवय बंदिस्त सॉफ्टवेअरच्या जमान्यातून आली आहे, ती मोडा. दहाव्या कलमानुसार लायसन्सने दिलेले हक्क वापरण्यासाठी शुल्क लावता येत नाही. त्याऐवजी ओळी अशा लिहा: सॉफ्टवेअरची प्रत व इन्स्टॉलेशन, कारखान्याच्या गरजेनुसार बदल, जुन्या डेटाचे स्थलांतर, कामगारांचे प्रशिक्षण, वार्षिक देखभाल, इतक्या युजरपर्यंत. युजरची संख्या देखभालीच्या दराला जोडली तर हरकत नाही, कारण ते तुमच्या श्रमाचे मोजमाप आहे. जीएसटी १८ टक्केच लागतो, नाव काहीही द्या.

की लावायचीच असेल तर ती तुमच्या अपडेट सर्व्हरला लावा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपली की नवे अपडेट बंद. हाती असलेली प्रत चालूच राहते. पैसे थकले म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर दूरवरून बंद पाडणे हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार आहे. इथे जीपीएलपेक्षा मोठा धोका माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा आहे: दुसऱ्याच्या संगणकात विनापरवानगी अडथळा आणणे आणि हक्काच्या माणसाला प्रवेश नाकारणे, या दोन्हींसाठी तिथे भरपाई आहे.

ग्राहकाला प्रत न देता तुम्ही तुमच्याच सर्व्हरवर चालवून महिन्याला भाडे घेतलेत तर चित्र बदलते. जीपीएल ३ प्रत देण्यावर चालते आणि नुसते ब्राउझरमधून वापरू देणे म्हणजे प्रत देणे नव्हे. पायथनचा कोड द्यावा लागत नाही. ब्राउझरमध्ये उतरणारे जावास्क्रिप्ट मात्र खरोखर ग्राहकाच्या यंत्रावर जाते, त्यामुळे तेवढ्याचा मूळ सोर्स मागितला तर द्यायला हवा. छोट्या कारखान्यांसाठी मला हीच रचना सोयीची वाटते, एक अट पाळून: ग्राहकाने मागितले की त्याचा पूर्ण डेटाबेसचा बॅकअप देणे. ते लायसन्ससाठी नाही, पण नाही दिलात तर नाव खराब होते आणि इचलकरंजीत ते आठवड्यात सगळ्या पेठेत कळते.

भाड्याच्या रचनेत खड्डा असतो तो एजीपीएलचा, म्हणजे नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यायला लावणाऱ्या जीपीएलच्या भावंडाचा. ग्राफाना हे आकडे आलेखात दाखवणारे सॉफ्टवेअर २०२१ पासून एजीपीएल ३ खाली आहे. कोणता माग किती चालला याचा डॅशबोर्ड म्हणून ते जसेच्या तसे चालवले तर काही लागत नाही. पण कोडमध्ये शिरून त्याचा लोगो काढला आणि आपला घातला की तुम्ही बदल केला. आता नेटवर्कवरून वापरणाऱ्या प्रत्येकाला बदललेला सोर्स मिळण्याची सोय त्या स्क्रीनवरच दिसली पाहिजे, असे तेरावे कलम सांगते. पीडीएफच्या लायब्ररींमध्येही हाच सापळा आहे. आयटेक्स्ट आणि घोस्टस्क्रिप्ट दोन्ही एजीपीएल किंवा पैसे देऊन घ्यायचे व्यापारी लायसन्स, अशा दुहेरी पद्धतीने मिळतात. घोस्टस्क्रिप्टचे मालक आर्टिफेक्स यांनी कोरियाच्या हॅनकॉमवर कॅलिफोर्नियात दावा लावला होता आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो प्राथमिक टप्प्यावर फेटाळायला नकार दिला. जीपीएल न पाळणे हा करारभंगही ठरू शकतो, एवढे त्यातून पक्के झाले.

काही कारखानदार म्हणतात की आम्हाला डबाच द्या, प्लगला लावला की चालू. मिनी पीसीवर उबंटू लिनक्स, मारियाडीबी व रेडिस हे डेटाबेस, ईआरपीनेक्स्ट सगळे भरून दिलेत की तुम्ही त्या प्रत्येकाचे वितरक झालात. लिनक्स कर्नल आणि मारियाडीबी जीपीएल २ खाली आहेत. बायनरी दिली तर सोर्स सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षे वैध असे लेखी आश्वासन द्या की मागणाऱ्याला फक्त पाठवणीच्या खर्चात सोर्स मिळेल. हे आश्वासन तीन वर्षांनी निभावता यायचे तर नेमक्या त्याच आवृत्त्यांचे सोर्स पॅकेज डबा तयार करण्याच्या दिवशीच उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. नंतर शोधाल तर त्या आवृत्त्या सापडायला त्रास होतो. डबा करण्याऐवजी ग्राहकाच्या यंत्रावर, त्याच्या समोर, थेट मूळ ठिकाणाहून सगळे उतरवून बसवले तर यातले बरेच ओझे कमी होते. तयार डॉकर इमेज हातात देणे मात्र डबा देण्यासारखेच, तिच्या पोटात आख्खे डेबियन असते.

नावाचे कलम वेगळे आहे. जीपीएल कोडचा हक्क देते, ट्रेडमार्कचा नाही. ‘ईआरपीनेक्स्टवर आधारित’ असे माहितीपत्रकात लिहिणे रास्त. ‘ईआरपीनेक्स्ट टेक्सटाइल’ असे उत्पादनाचे नाव किंवा डोमेन घेणे रास्त नाही. फ्रॅपेने ट्रेडमार्कचे धोरण जाहीर केले आहे, नाव ठरवण्याआधी वाचा. आपले वेगळे नाव घेऊन ते ट्रेडमार्क नोंदणीच्या वर्ग ९ आणि ४२ मध्ये नोंदवा. खरे सांगायचे तर जीपीएलच्या धंद्यात तुमचे एकमेव खास तुमचे असे जे उरते ते हेच. प्रत कोणीही देईल, तुमच्या नावाने कोणी देऊ शकणार नाही.

याआधी एक गोष्ट तपासा, जी विकायला निघालेल्या बहुतेक फर्मनी तपासलेली नसते: तुमचा कोड तुमचाच आहे का? पगारी नोकराने कामाच्या ओघात लिहिलेला कोड कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मालकाचा असतो. फ्रीलान्सरचा तसा नसतो. पैसे चुकते केले म्हणून हक्क येत नाही. कलम १९ प्रमाणे सहीचा लेखी हस्तांतर करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळे ठरवले नसेल तर वर्षभरात वापरला नाही तो हक्क बुडीत. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, न वापरल्यामुळे हक्क बुडीत होणार नाही’ हे तिन्ही शब्दप्रयोग करारात हवेतच. एखाद्या ग्राहकाला तुमचे अ‍ॅप वेगळ्या, बंदिस्त लायसन्सनेही विकायचे ठरले तर हे कागद नसताना ते करता येत नाही. आणि तेही फक्त तुमच्या ओळींपुरते. ईआरपीनेक्स्टचा भाग कोणत्याही परिस्थितीत तुम्हाला वेगळ्या लायसन्सने देता येत नाही.

सहकारी सूतगिरण्यांच्या आणि सरकारी निविदांमध्ये ‘सोर्स कोडची मालकी खरेदीदाराकडे राहील’ असे छापील वाक्य असते. तशी सही करू नका. जे तुमचे नाही ते हस्तांतरित करता येत नाही. निविदापूर्व बैठकीत लेखी दुरुस्ती मागा: मूळ सॉफ्टवेअर जीपीएल ३ खाली, पूर्ण सोर्ससह, वापराच्या सर्व हक्कांसह मिळेल आणि कंत्राटदाराने नव्याने लिहिलेल्या भागाचा कॉपीराइट खरेदीदाराला दिला जाईल. सरकारी खाते आडमुठेपणा करत असेल तर केंद्र सरकारचे २०१५ चे ओपन सोर्स स्वीकाराचे धोरण पुढे ठेवा, बहुधा तेवढ्यावर भागते.

ईआरपीनेक्स्टऐवजी दुसरे काही घ्यायचा विचार असेल तर आधी लायसन्स फाइल उघडा, गिटहबवर दिसते म्हणून ओपन सोर्स आहे असे समजू नका. लायसन्स फाइलच नसेल तर काहीही हक्क मिळालेला नाही. ओडू या दुसऱ्या ईआरपीची कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल ३ या जीपीएलहून सैल लायसन्सखाली आहे, त्यावर बंदिस्त मॉड्यूल विकता येतात. एंटरप्राइज आवृत्ती बंदिस्त आहे आणि ती उचलून बसवणे ही सरळ चोरी. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एसएसपीएल आणले, टेराफॉर्मने २०२३ मध्ये बिझनेस सोर्स लायसन्स घेतले, एनएटएन (n8n) या कामे आपोआप जोडणाऱ्या साधनाच्या लायसन्समध्ये होस्टिंग विकायला मनाई आहे. यांचा सोर्स वाचता येतो, पण व्याख्येप्रमाणे ही ओपन सोर्स नव्हेत आणि विक्रीवरची अट प्रत्येकाची निराळी. भारताच्या जीएसटीसाठी तुम्हाला लागेल ते इंडिया कम्प्लायन्स अ‍ॅप वेगळे आहे, पण तेही जीपीएल ३ खालीच, त्यामुळे त्याची अडचण नाही.

चूक होऊन मूळ मालकाची नोटीस आलीच तर घाबरून फाइली उडवू नका. जीपीएल ३ मध्ये आठवे कलम आहे: त्या मालकाकडून पहिलीच नोटीस असेल आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर हक्क कायमचा परत मिळतो. नोटीस यायच्या आतच सुधारली आणि पुढचे ६० दिवस मालकाने काही कळवले नाही, तरीही तेच. जीपीएल २ मध्ये ही सवलत नाही, भंग झाला की हक्क आपोआप संपतो. डब्यातल्या मारियाडीबीसाठी सोर्सची हार्ड डिस्क जपून ठेवायची ती म्हणूनच. उत्तरात तीन गोष्टी लिहा: कोणत्या ग्राहकांना कोणती आवृत्ती दिली, सोर्स त्यांना कोणत्या तारखेला पोचला, आणि लायसन्सचा मजकूर पॅकेजमध्ये कुठे ठेवला आहे. वकिलाचे पत्र त्याच्यानंतर.